पोरक्यांचा बाप



शेत कापून होते, पेंढ्या खळ्यावर जातात, आणि मागे रानात काही लोंब्या, काही कणसे पडून राहतात. ती वेचायला ज्यांच्या घरी रान नाही अशी माणसे येतात. त्यांत बायाबापड्या आणि पोरेच जास्त. याला आपण सरवा वेचणे म्हणतो. धनी मनाचा मोठा असला तर काणाडोळा करतो, नसला तर हाकलून देतो. सरवा हा आपल्याकडे धन्याच्या मर्जीवर चालत आला.

आज ज्या ग्रंथाविषयी बोलायचे आहे, त्यात हा सरवा धन्याच्या मर्जीवर ठेवलेला नाही. तो कायद्यात लिहून ठेवला आहे, आणि ज्याने तो कायदा घातला असे तो ग्रंथ मानतो, तो देव स्वतःला पोरक्यांचा बाप म्हणवून घेतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते आपण पाहू.

हा ग्रंथ म्हणजे हिब्रू धर्मग्रंथ, ज्यू लोकांचा तनाख. ख्रिस्ती मंडळी त्यालाच जुना करार म्हणतात. शाळेत जगाचा नकाशा असेल तर गुरुजींनी भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या काठावर बोट ठेवावे. समुद्र आणि यार्देन नदी यांच्यामधली ती डोंगराळ पट्टी. नाईल किंवा फरातसारखी मोठी नदी शेतांना पाणी पुरवायला नाही. सगळी भिस्त पावसावर. पिके म्हणाल तर जव, गहू, द्राक्षे आणि जैतून, म्हणजे ऑलिव्ह. ग्रंथ अनेक शतकांत अनेक हातांनी लिहिला गेला. पण त्याची पाने उलटताना मातीचा वास येतो. बांध, खळे, जाते, गहाण, सावकार, दुष्काळ हे सगळे त्यात आहे. आपल्या खेड्यातल्या माणसाला तो ग्रंथ परका वाटण्याचे तसे काही कारण नाही.

या ग्रंथात ‘अनुवाद’ नावाचे एक पुस्तक आहे. इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तर पुन्हा सांगणे. मोशेने लोकांना नियम पुन्हा समजावून सांगितले ते हे पुस्तक. त्यात शेतकऱ्याला सांगितले आहे की कापणी करताना एखादी पेंढी रानात विसरून राहिली तर ती आणायला माघारी जायचे नाही. जैतुनाची झाडे एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा धुंडाळायच्या नाहीत. द्राक्षे एकदा तोडल्यावर वेलीवर उरलेले घोस पुन्हा खुडायचे नाहीत. ते उपऱ्याचे, पोरक्याचे आणि विधवेचे आहे. ‘लेवीय’ नावाच्या दुसऱ्या पुस्तकात आणखी एक नियम आहे, की शेताचे कोपरे मुळी कापायचेच नाहीत, ते गरिबांसाठी उभे ठेवायचे. शिवाय दर तिसऱ्या वर्षी पिकाचा दशमांश गावातच साठवायचा, आणि तो लेवी, उपरी, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खायचा. लेवी म्हणजे देवळाची सेवा करणारे, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता असे लोक.

यातला विसरलेल्या पेंढीचा नियम मला फार गमतीचा वाटतो. मुद्दाम ठेवली तर ती विसरलेली कशी होईल? पुढच्या काळातल्या ज्यू पंडितांनी या प्रश्नावर खूप विचार केला. किती पेंढ्या राहिल्या तर ते विसरणे धरायचे, दोन की तीन, यावर त्यांच्यात चक्क वाद आहेत. त्यांच्या एका जुन्या संग्रहात गोष्ट आहे. एक भाविक माणूस शेतात पेंढी विसरून आला. लक्षात आल्यावर त्याला इतका आनंद झाला की त्याने मुलाला देवाला बैल अर्पण करायला पाठवले. मुलगा चकित झाला. इतक्या आज्ञा आपण रोज पाळतो, तेव्हा नाही आणि आजच हा आनंद का? बापाने त्याला समजावले, की बाकीच्या साऱ्या आज्ञा ठरवून पाळता येतात. ही एकच अशी आहे की ठरवून पाळायला गेलो तर हातून निसटते, आणि आज ती आपसूक घडली.

आता हे पोरका, विधवा, उपरी कोण, ते पाहू. या तिघांची नावे त्या ग्रंथात पुन्हा पुन्हा एकत्र येतात. पोरक्याला हिब्रूत ‘यातोम’ म्हणतात. अरबीतला ‘यतीम’ हा याच शब्दाचा भाऊ. यतीमखाना हा शब्द आपल्या कानावरून गेलेला आहेच. आपण आई गेलेल्या लेकराला पोरके म्हणतो, आणि आपल्या ओव्या-म्हणींत आईविना पोर हेच सर्वांत मोठे दुःख. यातोम शब्दाचा रोख मात्र बापाकडे आहे. आई जिवंत असली तरी बाप नसला की ते मूल यातोम. विधवेला ‘अल्मनाह’ म्हणतात. तिला नुसता नवरा नाही एवढेच नव्हे, तर तिच्या बाजूने बोलणारा कर्ता पुरुष घरात नाही. उपरी म्हणजे ‘गेर’, दुसऱ्या मुलखातून येऊन राहिलेला, ज्याला गावात भाऊबंद नाहीत.

तिघांचे दुःख वेगवेगळे दिसते, पण एका जागी ते एक होते. ती जागा म्हणजे गावाची वेस. त्या काळी तिथल्या गावांत वेशीत पंचायत बसे. वडीलधारे पुरुष तिथल्या दगडी बाकांवर बसत. तेल दान या ठिकाणच्या उत्खननात असे बाक सापडलेही आहेत. जमिनीचा वाद, कर्जाचा तंटा, लग्नाची बोलणी, सगळे तिथे. आपल्या चावडीसारखेच म्हणा ना. तिथे ज्याचा बाप उभा राहतो त्याचे ऐकले जाते. ज्याला बाप नाही, नवरा नाही, भाऊबंद नाही, त्याचे गाऱ्हाणे मांडणार कोण? म्हणून त्या समाजात पोरकेपण म्हणजे मायेचा हात नसणे एवढेच नव्हते. चावडीत आपल्या बाजूने उभे राहणारे माणूस नसणे, हे ते पोरकेपण होते.

हे ध्यानात ठेवले की अडुसष्टाव्या स्तोत्रातल्या दोन पदव्यांचा उलगडा होतो. तिथे देवाला पोरक्यांचा बाप म्हटले आहे, आणि त्याला जोडूनच विधवांचा न्यायाधीश म्हटले आहे. आपल्याला वाटेल, बाप कुठे आणि न्यायाधीश कुठे. एकाने जवळ घ्यायचे, दुसऱ्याने लांब बसून निवाडा द्यायचा. पण त्या वेशीत या दोन कामांत अंतर नव्हते. बापाने पोराच्या बाजूने उभे राहायचे असते, आणि इथे उभा राहणाराच निवाडा देणाराही आहे. हिब्रू ग्रंथात देवाला उघडउघड बाप म्हटल्याची ठिकाणे थोडी आहेत. त्या थोड्यांत हे एक आहे, आणि ते पोरक्यांच्या संदर्भात आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

अनाथ-विधवांची काळजी घ्यावी ही गोष्ट हिब्रू लोकांनीच पहिल्यांदा सांगितली असे मात्र कुणी समजू नये. शेजारची राष्ट्रे त्यांच्याहून कितीतरी जुनी होती आणि तीही हेच सांगत. ऊर नगरीचा राजा ऊर-नम्मू, इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमाराचा. त्याच्या कायद्यांच्या प्रस्तावनेत पोरक्याला धनवंताच्या आणि विधवेला बलवंताच्या तोंडी दिले नाही अशी बढाई आहे. बाबिलोनच्या हम्मुराबीनेही आपल्या शिलेवर तेच कोरले. ती काळी शिला १९०१-०२ मध्ये इराणातल्या सुसा येथे सापडली आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इजिप्तमधली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक कथा तर शेतकऱ्याचीच आहे. त्याची गाढवे आणि माल वाटेत लुबाडला गेला. तो बड्या अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडायला गेला, आणि त्याचे मन वळवण्यासाठी त्यालाच अनाथांचा बाप, विधवेचा पती म्हणू लागला. कचेरीत गेलेल्या गरिबाला साहेबाला मायबाप का म्हणावे लागते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा पदवी जुनीच होती. फरक पडला तो तिच्या धन्यात. शेजारी ती राजाची शोभा होती. हिब्रू ग्रंथाने ती राजवाड्यातून उचलली आणि देवाला दिली. आणि देवाने, त्या ग्रंथाच्या म्हणण्याप्रमाणे, तिचे काम प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर आणून ठेवले. राजाची दया राजाच्या मर्जीची, आणि राजा मेला की तीही संपली. हा कायदा मात्र राजावरही चालत होता. एका स्तोत्रात तर असे दृश्य आहे की देव इतर देवांच्या सभेत उभा राहून त्यांचीच झडती घेतो: दुबळ्यांना आणि पोरक्यांना न्याय देणे तुमचे काम होते, ते तुम्ही केले नाही, म्हणून तुम्ही माणसांसारखे मराल. बोलणे याच अर्थाचे आहे. पोरक्याचा निवाडा न करणाऱ्याचे देवपणही जाते, असा हा हिशेब.

हा बाप फार कडक आहे. ‘निर्गम’ पुस्तकात त्याने सांगितले आहे की विधवेला आणि पोरक्याला छळू नका. छळलेत आणि त्यांनी माझ्याकडे आक्रोश केला तर मी तो नक्की ऐकेन, आणि मग तुमच्याच बायका विधवा होतील, तुमचीच मुले पोरकी होतील. ऐकताना अंगावर काटा येतो. एका अन्यायाची भरपाई म्हणून आणखी पोरकी मुले का, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो चुकीचा नाही. माझ्याही मनात येतो. मी ते वाक्य गोड करून सांगणार नाही. पण त्यातला राग कुणाचा आहे ते ओळखावे. आपल्या लेकराच्या अंगावर कुणी हात टाकला की कोणताही बाप तोलूनमापून बोलत नाही.

त्याच ग्रंथात कर्जाचे नियम आहेत. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळायच्या आत परत करायचे, कारण रात्री तो दुसरे काय पांघरणार? विधवेचे वस्त्र तर गहाण घ्यायचेच नाही. जात्याची तळी किंवा वरची पेड कुणाचीच गहाण घ्यायची नाही. जाते नेणे म्हणजे घराचा जीव नेणे. सावकाराचा माणूस भांडी उचलायला दारात उभा राहिलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नियम पुस्तकी वाटणार नाहीत.

आणि ते नुसते पुस्तकात नव्हते, याचा एक पुरावा मातीतून निघाला आहे. इस्राएलच्या किनाऱ्यावर मसाद हशाव्याहू नावाच्या लहानशा किल्ल्याच्या अवशेषांत १९६० साली एक खापर सापडले. त्यावर शाईने हिब्रूत एका मजुराची तक्रार लिहिलेली आहे. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाचा शेवट. मजूर कापणीचा गडी. नेमून दिलेली कापणी मी पुरी केली, धान्य साठवले, तरी मुकादमाने माझे वस्त्र काढून घेतले; माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊ साक्ष देतील; अधिकारीसाहेबांनी ते वस्त्र परत देववावे, अशी त्याची विनवणी. पुढे काय झाले ते त्या खापरावर नाही.

जमिनीचे पाहा. बांध कोरणे हा शब्द खेड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नांगराच्या प्रत्येक फेरीला वीतभर बांध खायचा, चार वर्षांत पट्टाच गिळायचा. आणि कोरायला बांध निवडतात तो कुणाचा? ज्या घरात कर्ता माणूस उरला नाही त्याचा. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात याच गोष्टीची ताकीद आहे: जुना बांध सरकवू नका, पोरक्यांच्या रानात शिरू नका, कारण त्यांचा कैवारी बलवान आहे. कैवारी म्हणून तिथे ‘गोएल’ हा शब्द आहे. गोएल म्हणजे जवळचा नातलग, ज्याने घराची गेलेली जमीन सोडवून घ्यायची, गुलाम झालेल्या भावाला विकत घेऊन मोकळे करायचे. पोरक्याला असा नातलग नसतो. तिथे देव स्वतः ते नाते पत्करतो. दुसऱ्या एका सूत्रात विधवेच्या शेताची हद्द देवच रोवून ठेवतो असे म्हटले आहे. देवाने बांधावर खुंटी ठोकायला यावे ही कल्पना मला तरी फार जवळची वाटते.

पोरक्या मुलींचा एक खटलाही त्या ग्रंथात नोंदलेला आहे. सलाफहाद नावाचा माणूस रानातल्या प्रवासात वारला. मुलगा नव्हता, मुली पाच. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. एरवी बायकांची नावे गाळण्यात पटाईत असलेल्या त्या जुन्या लेखकांनी या पाचींची नावे एकूण एक लिहून ठेवली आहेत. त्या मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या पुढाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसावे? आम्हाला चुलत्यांबरोबर जमीन द्या. मोशेला निवाडा देता आला नाही, त्याने तो देवापुढे ठेवला. उत्तर आले की मुली बरोबर बोलतात. कायदाच बदलला: मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे जावा. पुढे भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट पडली. म्हणजे विजय पुरता मोकळा नव्हता. आणि वारसांची जी यादी तेव्हा घातली गेली तिच्यात मुलगा, मुलगी, भाऊ, चुलते, मग जवळचा नातलग असे सगळे आहेत, विधवा नाही. हे मुद्दाम सांगतो. ज्या कायद्याने विधवेला सरवा दिला, त्याने त्या यादीत तिला जमिनीचा वाटा दिला नाही. तिला सरव्याला जावे लागले, याचे एक कारण तेही आहे.

सरव्याला गेलेल्या विधवेची गोष्ट म्हणजे रूथची. लहानसे, चार अध्यायांचे पुस्तक आहे. ज्यांना जमेल त्यांनी एका बैठकीत वाचावे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी ही बाई नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशी गेली. तिथे नवरा गेला, मुले गेली. उरल्या सासू आणि दोन विधवा सुना. नामीने सुनांना माहेरी जायला सांगितले. एक रडून गेली. रूथ गेली नाही. सासू-सुना बेथलेहेमला पोचल्या तेव्हा जवाची सुगी नुकती लागली होती, आणि घरात दाणा नव्हता. रूथ विधवाही होती आणि उपरीही. ती सरव्याला निघाली आणि बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात पोचली. बवाज भला. त्याने गड्यांना सांगून ठेवले की तिला हटकू नका, उलट पेंढ्यांतून चार कणसे मुद्दाम गळू द्या. संध्याकाळी तिने वेचलेले झोडपले तर एफाभर जव निघाले, म्हणजे सुमारे वीस-बावीस लिटर. सरव्याच्या मानाने हे फारच झाले. सासूने ते पाहून पहिला प्रश्न केला, तू आज वेचलेस तरी कुणाच्या रानात? जाणत्या सासूचा प्रश्न.

या गोष्टीत हिब्रूतला एक शब्द दोनदा येतो, आणि सगळे मर्म त्यात आहे. शब्द आहे ‘कानाफ’. त्याचा अर्थ पंखही होतो आणि वस्त्राचा पदरही. बवाज पहिल्या दिवशी रूथला आशीर्वाद देतो, की ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला भरभरून देवो. बोलणे चांगलेच आहे, पण आशीर्वाद द्यायला पैसे पडत नाहीत. पुढे एका रात्री खळ्यावर रूथ त्याच्याकडे येते आणि तोच शब्द त्याच्या पदरी परत घालते: तुझा कानाफ माझ्यावर पसर, कारण तू आमचा सोडवणारा नातलग आहेस. म्हणजे लग्न करून मला आश्रय दे. देवाचे पंख म्हणालास ना, मग तुझा पदर पुढे कर! बवाज दुसऱ्या दिवशी वेशीत जातो, दहा वडीलधारे बसवतो, आणि नामीची जमीन व रूथचा हात दोन्हींचा रीतसर निकाल लावतो. देव या पुस्तकात कुठे प्रकट होत नाही, कुठे गडगडत नाही. त्याचे बापपण एका शेतकऱ्याच्या पदरातून येते, आणि तेही एका परक्या विधवेने आठवण करून दिल्यावर.

चमत्काराच्या गोष्टीही आहेत. त्या थोडक्यात सांगतो. एलीया संदेष्टा दुष्काळात सारफथ गावच्या विधवेकडे जातो. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. काटक्या गोळा करून शेवटची भाकर करायची, मायलेकरांनी खायची आणि मरायची, असा तिचा बेत. ती वाटून खाते आणि पाऊस पडेपर्यंत पीठ सरत नाही. सारफथ हे सीदोनच्या मुलखातले गाव. एलीयाच्या जिवावर उठलेली ईजबेल राणी त्याच मुलखातली राजकन्या. शत्रूच्या देशातल्या विधवेचेही पीठ सरले नाही. दुसरी गोष्ट अलीशाची. कर्जापायी सावकार एका विधवेची दोन्ही मुले गुलाम म्हणून न्यायला निघाला. घरात तेलाचा एक बुधला. अलीशा तिला शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. तेल ओतत गेली, भांडी संपली तेव्हाच थांबले. विकून कर्ज फिटले, उरले ते खायला झाले. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक मराठी बोलत, तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. एलीयावर त्यांची मोठी भक्ती. त्याच्या नावाने ते मलिदा करतात. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले, मलिद्याची चाल बरोबर घेऊन.

पण सगळ्याच विधवांचे तेल वाढले नाही. यशया, यिर्मया, मलाखी हे संदेष्टे शतकानुशतके त्याच त्याच तक्रारी करतात: पुढारी लाच खातात, पोरक्याचा निवाडा करीत नाहीत, विधवेचा दावा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कायदा पाळला जात असता तर इतके ओरडावे लागले नसते. आणि ईयोब तर थेट देवालाच विचारतो. पोरक्याचे गाढव हाकून नेतात, विधवेचा बैल गहाण घेतात, मरणारे कण्हत आहेत, आणि देव लक्ष देत नाही, असे तो म्हणतो. कुणी नास्तिक नव्हे, ज्याने आयुष्यभर पोरक्यांना जेवू घातले तो हे म्हणतो. वेशीत आपले वजन आहे म्हणून मी पोरक्यावर हात उगारला असेल तर माझा खांदाच निखळून पडो, अशी शपथ त्याने घेतली आहे. हे गाऱ्हाणे ग्रंथातून कुणी काढून टाकले नाही. देव बाप आहे हे वाक्य आणि बाप लक्ष देत नाही हे वाक्य, दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी राहतात. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, जळाले, तेव्हा ‘विलापगीत’ लिहिणाऱ्यांनी त्या नगरीलाच विधवा म्हटले, आणि सगळी प्रजा आपण पोरके झालो, आपल्या आया विधवा झाल्या, असे बापापुढेच रडली.

हे शब्द मूळ हिब्रूतून मराठीत आणायला जी बाई बसली, तिला त्यांचा अर्थ कोशात पाहावा लागला नसेल. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. तरुणपणीच, दुष्काळाच्या दिवसांत, आईबाप काही महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० साली भाऊ गेला, त्याच वर्षी लग्न झाले, आणि १८८२ साली पती वारले. पदरात मनोरमा, वर्षाचीही पुरती नव्हती. हिब्रूत सांगायचे तर एकाच घरात अल्मनाह आणि यातोम. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत तिथे विधवा आणि पोरक्या मुलींची रीघ लागली. विहिरी, शेती, विणकाम, शाळा, छापखाना, सगळे त्या बायका चालवीत. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला, तो इथे उकरण्याचे कारण नाही. संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत सबंध बायबल उतरवू लागली. १९२१ साली मनोरमाही गेली. बाई लिहीत राहिल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या त्याच विधवा आणि पोरक्या मुली होत्या.